दयेचे माप : अपंग श्वानांच्या चाकगाडीविषयी

जैन कथावाङ्मयात जीवंधरकुमाराची कथा प्रसिद्ध आहे. लोकांच्या माराने मरणासन्न झालेला एक कुत्रा कुमाराच्या दृष्टीस पडतो. त्याचे प्राण वाचविणे आता शक्य नाही असे पाहून कुमार त्याच्याजवळ बसतो आणि त्याच्या कानात पंचनमस्कार मंत्र म्हणतो. शांत परिणामांनी देह सोडलेला तो जीव सुदर्शन नावाचा यक्ष होतो आणि पुढे आपल्या उपकारकर्त्याच्या मदतीला येतो. वादीभसिंहसूरींच्या ‘क्षत्रचूडामणी’त ही कथा आली आहे. ज्या प्राण्याला समाज दाराबाहेर हुसकावतो, त्याच्याही ठायी आपल्यासारखाच आत्मा आहे, हे आचार्यांनी एका कुत्र्याच्या निमित्ताने सांगितले.

जीवंधराला भेटलेला कुत्रा मरणाच्या दारात होता. आज आपल्या गल्लीत, बाजारपेठेत किंवा महामार्गाच्या कडेला भेटणारा कुत्रा पुष्कळदा वेगळ्या अवस्थेत असतो. मोटारीच्या धक्क्याने त्याचा कणा मोडलेला असतो, मागचे दोन्ही पाय लुळे पडलेले असतात. परंतु तो मरणार नसतो. त्याची भूक शाबूत असते, हाक मारली की तो कान टवकारतो आणि पुढच्या दोन पायांवर शरीर ओढत आपल्या दिशेने येऊ लागतो. वय कमी असेल तर त्याच्यापुढे अजून कित्येक वर्षांचे आयुष्य असू शकते. अशा जीवाला मरणापासून वाचविल्यानंतर त्याचे पुढचे दिवस कसे जातील, हा प्रश्न उरतोच. जीवदयेचे खरे काम येथून सुरू होते.

पांजरपोळाचा वारसा

श्वानांच्या रक्षणासाठी व्यापारी समाज उभा राहिल्याचे एक ठळक उदाहरण मुंबईच्या इतिहासात आहे. १८३२ साली मोकाट कुत्रे मारण्याचा हुकूम कंपनी सरकारने अमलात आणला तेव्हा ६ जून रोजी कोट भागात पारशी समाजाने त्याला विरोध केला. पाहता पाहता दुकाने बंद झाली आणि हिंदू, जैन व मुसलमान व्यापारीही त्या बंदात सामील झाले. दोन वर्षांनी, १८३४ साली, जमशेटजी जीजीभॉय आणि शेठ मोतीशा यांच्यासारख्या धनिकांच्या पुढाकाराने भुलेश्वरला मुंबई पांजरपोळ उभे राहिले. आज पांजरपोळ म्हटले की गाईगुरे डोळ्यांसमोर येतात. परंतु या संस्थेच्या जन्मामागे रस्त्यावरच्या कुत्र्यांचे प्राण होते, ही गोष्ट विसरता कामा नये.

पांजरपोळाच्या परंपरेने एक मोठे तत्त्व जपले : निरुपयोगी झाला म्हणून जीव टाकून द्यायचा नाही. तथापि आश्रय देणे आणि सुखाने जगू देणे यांत अंतर आहे. लुळा पडलेला कुत्रा फरशीच्या कोपऱ्यात वर्षानुवर्षे पडून राहिला, त्याला दोन वेळा दूधपोळी मिळाली, तर त्याचा प्राण राहिला असे म्हणता येईल. पण श्वान हा संज्ञी पंचेंद्रिय तिर्यंच आहे. त्याला मन आहे. वास घेत हिंडणे, आपल्या माणसाच्या मागे जाणे, दुसऱ्या कुत्र्याशी खेळणे हेच त्याचे जगणे असते. हे सगळे हिरावले गेले की तो खिन्न होतो, आपलेच पाय चावू लागतो, कधी खाणे सोडतो. चालणे परत मिळाले तर त्याचे मनही सावरते.

माणसांच्या बाबतीत हे आपल्या समाजाने केव्हाच ओळखले आहे. १९७५ साली जयपूर येथे देवेंद्रराज मेहता यांनी भगवान महावीर विकलांग सहायता समिती स्थापन केली आणि ‘जयपूर फूट’ या स्वस्त व टिकाऊ कृत्रिम पायाच्या आधारे लाखो अपंगांना उभे केले. अपंगाला केवळ अन्न देऊन थांबू नये, त्याला स्वतःच्या बळावर हिंडता आले पाहिजे, हा त्या कार्याचा गाभा. त्याच जयपूरचे पशुवैद्य डॉ. तपेश माथुर यांनी प्राण्यांसाठी ‘कृष्णा लिंब’ हा हलका कृत्रिम पाय तयार केला. कुत्र्याच्या चाकगाडीमागेही हाच विचार आहे.

लुळेपणा आणि वेदना

पाय गेलेला कुत्रा पाहिला की कोणीतरी हळहळून म्हणते, ‘सोडवा बिचाऱ्याला.’ हे उद्गार दयेतूनच येतात. पण त्यांत दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत असते. लुळेपणा म्हणजे वेदना नव्हे. मज्जारज्जूची इजा जुनी होऊन स्थिरावली की कित्येक कुत्र्यांना मागच्या भागात दुःख जाणवत नाही. जर्मन शेफर्डसारख्या जातींत उतारवयात होणारा मज्जारज्जूचा क्षय तर मुळात वेदनारहित असतो; पाय हळूहळू निकामी होतात, एवढेच. उलट, चारही पायांवर उभा असलेला म्हातारा लॅब्रॅडॉर खुब्याच्या सांधेदुखीने रोज कळा सोसत असतो आणि घरच्यांना वाटते, तो आता आळशी झाला आहे. म्हणून पहिला प्रश्न ‘चालतो का?’ हा नसून ‘दुखते का?’ हा असावा आणि त्याचे उत्तर पशुवैद्याकडून घ्यावे.

मागचे पाय अचानक लुळे पडले, तर ‘उद्या पाहू’ म्हणू नये. डॅशहंडसारख्या लांब पाठीच्या, आखूड पायांच्या कुत्र्यांत मणक्यांमधली चकती सरकून मज्जारज्जू दाबला जातो. अशा वेळी प्रत्येक तास मोलाचा असतो. पशुवैद्य चिमट्याने पायाच्या बोटाचे हाड दाबून पाहतात. कुत्र्याने मान वळवली किंवा तो कण्हला तर खोल संवेदना जिवंत आहे असे समजतात आणि वेळेवर उपचार झाल्यास असे बहुतेक कुत्रे पुन्हा चालू लागतात. नुसता पाय आखडून घेणे ही मात्र प्रतिक्षिप्त क्रिया असू शकते. तेवढ्यावरून आशा किंवा निराशा ठरवू नये. अपघातग्रस्त कुत्र्याला उचलताना पाठ वाकू देऊ नये. फळी, पुठ्ठा किंवा ताणून धरलेली चादर यांवर त्याला अलगद सरकवावे आणि तसेच न्यावे. भेदरलेला प्राणी चावू शकतो, याचेही भान ठेवावे.

आणखी एक सावधगिरी, विशेषतः ज्यांच्या घरी औषधांचे दुकान आहे त्यांच्यासाठी. माणसांची वेदनाशामक औषधे कुत्र्याला देऊ नयेत. आयबुप्रोफेनसारखी नित्याची गोळीही त्याच्या जिवावर बेतू शकते.

वेदना कोणत्याही उपायाने आटोक्यात येत नाही, अशी वेळही कधी येते. तेथे काय करावे, याचा निर्णय सोपा नसतो आणि तो घाईने करू नये. पण केवळ पाय गेले म्हणून, किंवा घरच्यांना पाहवत नाही म्हणून, एखाद्या जीवाचे आयुष्य संपले असे मानणे अहिंसेत बसत नाही. आपले दुःख आणि त्याचे दुःख वेगळे करून पाहता आले पाहिजे.

कोणाला कोणते साधन

प्रत्येक लंगड्या कुत्र्याला गाडी लागत नाही. एक पाय कापावा लागलेला तरुण, सडपातळ कुत्रा बहुधा तीन पायांवर उत्तम धावतो. त्याच्यावर आपली कीव लादू नये. पायाचा फक्त खालचा भाग गेला असेल आणि वर पुरेसा खुंट शिल्लक असेल, तर कृत्रिम पाय बसविता येतो. पंजा वळून वरच्या बाजूवर घासत असेल तर पंजा सरळ धरणारा मोजा किंवा बूट पुरतो. कमकुवत पण जाणीव असलेल्या मागच्या पायांना पोटाखालून झोळीसारखा पट्टा घालून आधार देता येतो. घरातला जुना टॉवेलही सुरुवातीला हे काम करतो.

मागचे दोन्ही पाय निकामी आणि पुढचे बळकट असतील, तेथे दोन चाकांची गाडी उपयोगी पडते. पुढचे पायही थकू लागले असतील तर चार चाकांची गाडी लागते. पुढचे पाय नसलेल्या कुत्र्यांसाठी चाके पुढे असलेली गाडीही असते. अमेरिकेत १९६० च्या दशकात लिंकन पार्क्स या पशुशल्यचिकित्सकाने अशा गाड्या बनवायला सुरुवात केली. पुढे १९८९ साली एड ग्रिनेल या अभियंत्याने आपल्या लुळ्या पडलेल्या डॉबरमनसाठी घरीच गाडी जुळविली आणि त्यातून पतिपत्नींचा या गाड्यांचा कारखानाच उभा राहिला. भारतात आता तयार गाड्या काही हजार रुपयांत मिळतात. उदयपूरच्या ‘ॲनिमल एड अनलिमिटेड’ या संस्थेच्या आवारात लुळे पडलेले रस्त्यावरचे कुत्रे अशा गाड्या घेऊन हिंडताना दिसतात.

गाडी घरीही बनविता येते. प्लंबिंगचा पीव्हीसी पाइप किंवा ॲल्युमिनियमची नळी, कोपरे जोडण्याचे एल्बो, मुलांच्या सायकलची किंवा ट्रॉलीची हलकी चाके, फोम, रुंद पट्टा आणि बकल, एवढ्यात काम होते. आपल्या समाजात हार्डवेअर, कापड आणि रेक्झिनची दुकाने थोडी नाहीत. गल्ल्यावर बसलेल्या माणसाच्या हाताशीच हे सारे साहित्य असते. अवघड असते ते माप.

मापात पाप नको

व्यापाऱ्याला ‘मापात पाप’ म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. कमी-अधिक माप वापरणे, म्हणजे ‘हीनाधिकमानोन्मान’, हा अचौर्याणुव्रताचा अतिचार सांगितला आहे. चाकगाडीच्या बाबतीत चुकीचे माप थेट हिंसेकडे नेते. गाडी उंच झाली तर सारे वजन पुढच्या पायांवर लोटले जाते; ठेंगणी झाली तर पाठ खचते. रुंदी कमी पडली तर मांड्या सोलतात. जास्त झाली तर कुत्रा झोके खात चालतो आणि वळणावर उलटतो.

निरोगी कुत्राही शरीराचा सुमारे ६० टक्के भार पुढच्या पायांवर पेलतो. मागचे पाय गेल्यावर हा भार आणखी वाढतो. म्हणून गाडीचे काम मागचा भाग नुसता उचलून धरण्याचे नाही, तर वजन चाकांवर नीट तोलण्याचे आहे. त्यासाठी कुत्र्याला कोणाच्या तरी मदतीने चारही पायांवर नैसर्गिक उंचीत उभे धरावे आणि शिंप्याच्या टेपने चार मापे घ्यावीत : जमिनीपासून जांघेपर्यंतची उंची, खांद्यापासून मागच्या मांडीपर्यंतची लांबी, कमरेची सर्वांत जास्त रुंदी आणि छातीचा घेर. वजन वेगळे करून घ्यावे. मापे दोनदा घ्यावीत आणि दोन्ही वेळा एकच आली तरच पाइप कापावा.

गाडी बसल्यावर पाठीची रेषा जमिनीला समांतर दिसली पाहिजे. चाकांचा आस खुब्याच्या आसपास येईल असा ठेवून तोल साधावा. पुढचा पट्टा छातीवर टेकावा, गळ्यावर नव्हे, आणि पट्ट्याखाली दोन बोटे सहज जावीत. बैठकीच्या कड्यांना मऊ फोम हवा. शेपटीला आणि मलमूत्रविसर्जनाला जागा मोकळी हवी. गाडीत असतानाच कुत्रा हे विधी करू शकतो. पायांत थोडी शक्ती असेल तर पंजे जमिनीला हलके टेकू द्यावेत, म्हणजे चालण्याची हालचाल टिकून राहते. शक्ती मुळीच नसेल तर पंजे कडीत अडकवून वर ठेवावेत, अन्यथा ते रस्त्यावर घासून रक्तबंबाळ होतात आणि संवेदना नसल्यामुळे कुत्र्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

पहिल्या दिवशी कुत्रा बहुधा पुतळ्यासारखा उभा राहतो. ओढू नये, ढकलू नये. आवडीचा खाऊ समोर धरावा, पाच-दहा मिनिटे झाली की काढून घ्यावे. हळूहळू वेळ वाढवीत दिवसातून दोन-तीन छोट्या फेऱ्यांपर्यंत जावे. प्रत्येक फेरीनंतर मांड्या, काखा आणि छाती पाहावी. कातडी लाल दिसली तर तेथला फोम किंवा पट्टा लगेच बदलावा. बहुतेक गाड्यांत कुत्र्याला आडवे होता येत नाही, म्हणून त्याला गाडीत एकटे सोडू नये. जिना, उंबरठा आणि उघडे गटार या तीन ठिकाणी हमखास अपघात होतात. रस्त्यावरच्या लुळ्या कुत्र्याला गाडी बांधून पुन्हा रस्त्यावर सोडणे तर मुळीच योग्य नाही. त्याला घर किंवा आश्रयस्थानच हवे.

गाडीबाहेरचे बावीस तास

गाडीतील कुत्र्याची छायाचित्रे मनोहर दिसतात. पण दिवसाचे फार तर दोनेक तास तो गाडीत असतो. उरलेल्या बावीस तासांत त्याची काळजी कशी घेतली जाते, यावर त्याचे आयुष्य ठरते.

लुळ्या कुत्र्याला पुष्कळदा लघवीवर ताबा नसतो किंवा मूत्राशय आपोआप रिकामे होत नाही. अशा वेळी दिवसातून तीन-चार वेळा पोटावर हलका दाब देऊन ते रिकामे करावे लागते. ही रीत पशुवैद्याकडून समक्ष शिकून घ्यावी. तुंबलेल्या लघवीमुळे संसर्ग होतो आणि अशा कुत्र्यांच्या मृत्यूचे ते एक मोठे कारण आहे. ओल्या अंगामुळे कातडी भाजल्यासारखी होते, म्हणून मागचा भाग कोमट पाण्याने धुऊन कोरडा करावा आणि तेथले केस आखूड ठेवावेत. अंथरूण जाड आणि मऊ हवे. स्वतः कूस बदलू न शकणाऱ्या कुत्र्याला दर काही तासांनी वळवावे, नाहीतर खुबे, कोपरे आणि टाचा यांवर शय्याव्रण होतात.

येथे जैन कुटुंबाने विशेष लक्ष द्यावे अशी एक गोष्ट आहे. पावसाळ्यात ओल्या जखमेवर माशी बसते आणि एक-दोन दिवसांत जखमेत किडे पडतात. मग श्वान वाचवायचा तर ते असंख्य जीव काढावे लागतात आणि श्रावकाचे मन द्विधा होते. या प्रसंगाला खरे उत्तर आधीच्या यतनेत आहे. जखम होऊच न देणे, झाली तर झाकून कोरडी ठेवणे आणि रोज संध्याकाळी सर्वांग तपासणे यांत श्वानाचीही दया आहे आणि त्या सूक्ष्म जीवांचीही. स्वच्छता हा येथे अहिंसेचाच भाग ठरतो.

घरातली गुळगुळीत फरशी कमकुवत पायांची वैरी असते. कुत्र्याच्या नेहमीच्या वाटेवर रबरी चटई अंथरावी. घरात सरपटताना मांड्या सोलू नयेत म्हणून जाड कापडाची पिशवी मागच्या भागाला घालता येते. घरातील आजी किंवा काकू ती दुपारभरात शिवून देऊ शकतात. रोज पाच-दहा मिनिटे मागच्या पायांचे सांधे हळुवार दुमडावेत व सरळ करावेत, म्हणजे ते आखडत नाहीत. पाण्यातील व्यायामानेही स्नायू टिकतात. आणि वजन वाढू देऊ नये. प्रेमापोटी दिलेली मिठाई व तुपाची पोळी अशा कुत्र्याच्या पुढच्या दोन पायांवर ओझे होऊन बसते.

पाच अतिचारांची कसोटी

अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत : बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. बांधून ठेवणे, मारणे, अवयव छेदणे, अतिभार लादणे आणि अन्नपाणी तोडणे. पशू पाळणाऱ्या गृहस्थाला ही यादी आजही तंतोतंत लागू पडते. कुत्र्याला सोयीसाठी दिवसभर गाडीत अडकवून ठेवणे हा बंध झाला. चालत नाही म्हणून चिडून हात उगारणे हा वध. चुकीच्या पट्ट्याने कातडी कापली जाणे हा छेद. बेताल मापाची, जड लोखंडी गाडी लादणे हे अतिभारारोपण. आणि लघवी सांडते म्हणून पाणी कमी देणे, ही सर्रास आढळणारी चूक, हा अन्नपाननिरोध. दया करणाऱ्याच्या हातूनही हे सारे घडू शकते. हेतू चांगला असला तरी अज्ञान जीवाला पीडाच देते. म्हणून दयेआधी ज्ञान हवे, हा आपल्या आचार्यांचा आग्रह किती व्यवहारी आहे हे येथे कळते.

दानाची दिशा

पर्युषणात आणि दशलक्षणात जीवदया खात्यात उदारपणे रक्कम जमते. चारा, पाणी आणि जीव सोडविणे यांवर ती खर्च होते, आणि ते योग्यच आहे. त्याच खात्यातून अपंग प्राण्यांच्या संगोपनासाठीही काही भाग निघावा. गाडी देणे हे सोपे दान आहे. तिचे छायाचित्र निघते, नाव लागते. त्याहून कठीण आणि जास्त गरजेची गोष्ट म्हणजे रोज तीन वेळा मूत्राशय रिकामे करणाऱ्या, अंथरूण धुणाऱ्या, कूस बदलणाऱ्या सेवकाचा पगार. आश्रयस्थानांत गाड्या कोपऱ्यात पडून राहतात त्या बहुधा कुत्रे नाहीत म्हणून नव्हे, तर बांधायला आणि सोबत चालायला माणूस नाही म्हणून. दाता विचारीत असेल तर त्याने एवढेच विचारावे : गाडी कोण बांधणार आणि त्याला पगार कोण देणार?

ज्यांना पैशांहून वेळ देणे शक्य आहे, अशा तरुणांनी जवळच्या आश्रयस्थानात रविवारी सकाळी एक तास द्यावा. श्वानदंशाची पूर्वप्रतिबंधक लस घ्यावी, गाडी बांधायला शिकावे आणि एका कुत्र्याला आवारात फिरवून आणावे. पाठशाळेतील मुलांनाही सोबत न्यावे. अहिंसेची व्याख्या त्यांना पाठ असते. पट्ट्याखाली दोन बोटे जातात की नाही हे पाहताना तिचा अर्थही त्यांच्या हाती येईल.